उठावदार चकाकी मुद्रण

छापील पृष्ठावरील निवडक अक्षरे, चिन्हे अथवा चित्रभाग यांवर पारदर्शक रोगणाचा जाड थर देऊन ते भाग चकचकीत व बोटाला जाणवतील इतके उंच करण्याची प्रक्रिया. पुस्तकांची वेष्टने, भेटकार्डे, लग्नपत्रिका, सौंदर्यप्रसाधनांची खोकी इत्यादींसाठी ती वापरतात. मुद्रणव्यवसायात ती ‘स्पॉट यूव्ही’ किंवा, थर विशेष उंच असल्यास, ‘रेझ्ड यूव्ही’ या नावाने ओळखली जाते. ऑफसेट मुद्रणातील शाईचा थर सुमारे १ ते २ मायक्रॉन जाडीचा असतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उठावदार रोगणाचा थर मात्र काही दशक मायक्रॉनांपासून शंभराहून अधिक मायक्रॉनांपर्यंत देता येतो.

पद्धती : जाळीमुद्रणात (स्क्रीन प्रिंटिंगमध्ये) ताणलेल्या जाळीच्या मोकळ्या छिद्रांतून रोगण रबरी पट्टीने कागदावर दाबतात. नंतर कागद जंबुपार दिव्याखालून नेला की रोगणातील प्रकाशप्रारंभक द्रव्ये क्रियाशील होऊन बहुवारिकीकरण घडते व ओला थर जवळजवळ तत्क्षणी घट्ट होतो. अंकीय पद्धतीत जाळी लागत नाही. सूक्ष्म तोट्यांतून रोगणाचे थेंब संगणकीय आदेशानुसार टाकले जातात. तिसरी, अधिक जुनी पद्धत उष्णता-उठाव मुद्रणाची होय. तीत ओल्या शाईवर रेझिनाची भुकटी टाकून जास्तीची भुकटी शोषून घेतात व उरलेली उष्णतेने वितळवितात. तीत रोगणाचा वेगळा ठसा नसतो. ज्या शाईवर भुकटी चिकटते तोच भाग उंचावतो.

आर्टवर्कची तयारी : रोगण हा रंग नव्हे, तर जागेचा निर्देश होय, हे या तयारीतील मूलतत्त्व आहे. त्यामुळे चित्राचे चार मुद्रणरंग आणि रोगणाची आकृती एकाच फाइलमध्ये, परंतु स्वतंत्र स्तरांवर ठेवतात. रोगणाला वेगळ्या विशेष रंगाचे नाव देऊन तो १०० टक्के भरतात. पडद्यावर तो ठळक दिसावा म्हणून कोणताही भडक रंग चालतो, कारण तो छापला जाणार नसतो. या स्तराला ‘ओव्हरप्रिंट’चा आदेश देणे अत्यावश्यक असते. तो राहून गेल्यास संगणक रोगणाखालील रंग वगळतो आणि चकाकीच्या खाली चित्राऐवजी कोरा कागद उरतो.

जाळीमुद्रणासाठी आकृतीत फिक्या-गडद छटा नसाव्यात; रोगण एक तर असते किंवा नसते. अंकीय पद्धतीत मात्र करड्या छटेच्या प्रमाणात थराची जाडी बदलता येते. रेषा फार बारीक असल्यास थर तुटतो, म्हणून त्या किमान ०·३५ मिमी. ठेवणे इष्ट असते. कागद आर्द्रतेने प्रसरण पावतो व तंतूंच्या आडव्या दिशेत अधिक वाढतो. छपाईनंतर मॅट लॅमिनेशनच्या उष्णतेने व ताणानेही त्याचे माप किंचित बदलते. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडील छापखान्यांना हा अनुभव नित्याचा आहे. यामुळे रंग व रोगण यांची जुळणी तंतोतंत राहीलच असे नसते. म्हणून रोगणाची आकृती रंगीत आकृतीहून एक-दोन दशांश मिमी. आत घेतात. घट्ट झालेला थर ठिसूळ असल्याने घडीच्या व कापण्याच्या रेषेपासून तो सुमारे २ मिमी. दूर ठेवतात. खोक्याच्या डिंक लावावयाच्या पट्टीवर रोगण मुळीच नसावे, कारण त्यावर डिंक धरत नाही.

देवनागरीतील अडचणी : ओला थर घट्ट होण्यापूर्वी किंचित पसरतो. त्यामुळे लहान अक्षरांची पोटे बुजतात. ‘ब’ व ‘व’ किंवा ‘ष’ व ‘प’ यांतील भेद ज्या तिरक्या रेघेवर अवलंबून असतो तीच नाहीशी होते. मात्रा व तिच्यावरील अनुस्वार एकमेकांत मिसळतात. लग्नपत्रिकेवरील नावात असा दोष राहिला, तर तो छपाईचा दोष न वाटता शुद्धलेखनाची चूक वाटते. यासाठी रोगण मोठ्या व जाड वळणाच्या अक्षरांनाच द्यावे. फाइल पाठविण्यापूर्वी अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करावे. अन्यथा दुसऱ्या संगणकावर तोच टंक नसल्यास जोडाक्षरे फुटतात व वेलांट्या जागा सोडतात.

तपासणी : नेहमीच्या रंगीत नमुनाप्रतीत चकाकी दिसत नाही, त्यामुळे रोगणस्तरातील चूक सहसा नजरेआड राहते. रोगण हा बहुधा शेवटच्या टप्प्यांपैकी एक असल्याने चूक उघड होते तेव्हा कागद, छपाई व लॅमिनेशन यांचा सर्व खर्च होऊन गेलेला असतो. घट्ट झालेले रोगण काढताही येत नाही. यावर साधा उपाय म्हणजे रोगणाचा स्तर पारदर्शक फिल्मवर काळ्या रंगात छापून ती फिल्म रंगीत नमुनाप्रतीवर ठेवून पाहणे. सरकलेली कडा, गळलेले अक्षर अथवा घडीवर आलेला थर त्यात लगेच लक्षात येतो. ही पाच मिनिटांची तपासणी संपूर्ण आवृत्ती वाया जाण्यापासून वाचवू शकते.