मागच्या तारखेची सही

रायगड रोपवेचं खालचं स्थानक आमच्या हिरकणीवाडीत आहे. पावसाळ्यात ढग खाली उतरले की इथली रेंज येते-जाते. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणारा पुतण्या गावी आला की याच रेंजवर काम उरकतो. परवा तो एका प्रोग्रामवर डिजिटल सही करत होता, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

त्याने पेनड्राइव्हसारखं टोकन लॅपटॉपला लावलं. सहीची गुप्त किल्ली त्यातच असते. जून 2023 पासून ती अशा सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवायचा नियम आहे. पिन टाकला, कमांड दिली. सही झाली, पण खाली इशारा आला. “काका, साइन झालंय, पण टाइमस्टँप नाही लागला.” सहीच्या वेळेची ही नोंद इंटरनेटवरून येते, आणि ऐन वेळी रेंज गेली होती. फाइल व्यवस्थित उघडत होती, कुणी हरकतही घेतली नसती. तरी त्याने ती खोडून टाकली.

सहीच्या प्रमाणपत्राला मुदत असते. त्या मुदतीत केलेली सही टाइमस्टँपच्या आधारावर पुढेही चालते. तो नसेल तर सही कधी केली याला पुरावाच उरत नाही, आणि मुदत संपली की विंडोज ती सही न मानता इशारा दाखवतं. मग गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि त्याला सांगितलं जातं, “काही होत नाही, ‘रन एनीवे’ दाबा.” मला सगळ्यात घातक वाटते ती ही सवय. उद्या खरा व्हायरस आला तरी तो माणूस तेच बटण दाबणार.

मुदत संपल्यावर संगणकाचं घड्याळ मागे घेऊन सही करणं म्हणजे मागच्या तारखेचा स्टँप पेपर. 2022 मध्ये एनव्हिडिया कंपनीतून चोरीला गेलेल्या दोन प्रमाणपत्रांची मुदत 2014 आणि 2018 मध्येच संपली होती. तरी त्यांनी सही केलेले घातक प्रोग्राम ड्रायव्हर म्हणून विंडोजमध्ये शिरू शकत होते, कारण जुन्या ड्रायव्हरांना सवलत होती. 2023 मध्ये सिस्को टॅलोसच्या संशोधकांनी सहीची तारीखच बदलणारी तयार साधनं उघडकीला आणली.

तासाभराने रेंज आली, पुतण्याने पुन्हा सही केली आणि फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये टाइमस्टँप दाखवला. नवा प्रोग्राम टाकण्याआधी तुम्हीही तिथे बघा. सही अवैध दिसली तर ‘रन एनीवे’ दाबू नका. बनवणाऱ्याकडून नीट सही केलेली फाइल मागून घ्या.