इंजिनिअर मेंदूकडे वळतो तेव्हा

आजचा विषय विज्ञानाचा असला तरी त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालेली एखादी मुलगी घरी म्हणाली, "मला मेंदूची गणिती प्रारूपं करायची आहेत," तर आई-वडील विचारणार, "मग चार वर्षं शिकलीस ते वाया?"

आधी प्रारूप म्हणजे काय ते पाहू. कोयनेतून पाणी किती सोडलं, कऱ्हाडच्या संगमाखाली प्रवाह किती, वाटेत पाऊस किती, यावरून आयर्विन पुलाशी कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी कधी गाठेल याचा अंदाज बांधता येतो. या हिशोबात नदीतले मासे नाहीत, काठची झाडं नाहीत. प्रारूप बरंच काही जाणूनबुजून गाळतं. काय गाळायचं, हे प्रश्नावर ठरतं. इंजिनिअरला ही सवय असते, आणि ती जीवशास्त्रात उपयोगी पडते.

इतिहासही हेच सांगतो. १८५० च्या दशकात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलमध्ये संदेश कसा पसरत आणि मंदावत जातो याचं गणित मांडलं. पुढे तेच गणित चेतातंतूला लावलं गेलं. चेतातंतू म्हणजे एक गळकी केबलच की! १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूचं विद्युत-मंडल समीकरणांत बसवलं. आपल्याकडे मंदार इनामदार हे आयआयटी मुंबईच्या सिव्हिल विभागातले प्राध्यापक. विषाणूच्या कवचात डीएनए ठासून भरायला किती बळ लागतं, याचा हिशोब करणाऱ्या २००५ च्या शोधनिबंधाचे ते सहलेखक आहेत. बळ आणि ताण हे सिव्हिलचेच विषय, फक्त पुलाच्या जागी विषाणू आला.

मग अडचण कुठे येते? 'कशासाठी' या प्रश्नापाशी. कोयना धरणाचा दरवाजा कशासाठी, हे नकाशा उघडून दाखवता येतं. मेंदूचा नकाशा आखायला कुणी बसलेलं नव्हतं. उत्क्रांतीत जुन्याच भागावर नवं काम येऊन पडतं. आपल्या मध्यकर्णातली दोन हाडं कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पूर्वजांच्या जबड्यात होती! म्हणून 'हा भाग अमुक कामासाठीच केलेला आहे' असं धरून चालणारा इंजिनिअर इथे फसतो.

जोडणीचा आराखडा हाती आला, तरी पुरत नाही. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर कृमीत ३०२ चेतापेशी आहेत. त्यांच्या जोडण्यांचा आराखडा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण केवळ त्यावरून कृमीचं सगळं वागणं सांगता येत नाही. कारण रसायनं बदलली की त्याच जोडण्या वेगळं काम करतात.

मग प्रारूप खरं कशावरून मानायचं? आकडे जुळले म्हणून नव्हे. पुरेसे स्क्रू पिळले की कोणतंही समीकरण जुळतं. हॉजकिन-हक्सली यांनी संदेशाचा वेग समीकरणात घातलेलाच नव्हता; तो गणितातून निघाला, सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२. जे आत घातलं नाही तेही जवळपास बरोबर बाहेर आलं, ही खरी कसोटी. आपले नैयायिक म्हणत, व्याप्तीला व्यभिचार सापडला की अनुमान पडतं. प्रारूप करणाऱ्यानं स्वतःच तो व्यभिचार शोधत राहावं.

तेव्हा त्या मुलीनं घरी सांगावं की चार वर्षं वाया जात नाहीत. मात्र पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं शिष्यवृत्तीवर काढावी लागतील, हेही लपवू नये. आणि संगणकापुढे बसण्याआधी काही महिने प्रयोगशाळेत जिवंत पेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. आपण काय गाळतो आहोत, ते तिथेच कळतं.