हिल्सा, पूर आणि कावेरीवरील धरणे

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पापनाशमनंतर सुंदरपेरुमाळ कोयिल हे लहानसे स्थानक लागते. सभोवार भातशेती आणि कालव्यांचे जाळे. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात एके काळी पावसाळी पुराबरोबर हिल्सा मासा समुद्रातून नदीत चढत असे. तमिळमध्ये त्याला उल्लम, तर बंगालीत इलिश म्हणतात. हा मासा वाढतो समुद्रात, अंडी मात्र गोड्या पाण्यात घालतो. पिले पुढे समुद्राकडे परततात.

त्याच्या वाटेत पहिला अडसर आला तो ऑर्थर कॉटन यांनी 1836 च्या सुमारास कावेरीची शाखा कोल्लिडम हिच्यावर बांधलेल्या बंधाऱ्यांचा. कुंभकोणमच्या ईशान्येस असलेल्या खालच्या बंधाऱ्याशी मासे अडत. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मत्स्यमार्ग आणि कृत्रिम प्रजनन असे दोन्ही प्रयोग झाले. दोहोंनाही फारसे यश आले नाही. पायऱ्यापायऱ्यांची मत्स्यशिडी ही कल्पना मुळात सामन माशासाठी होती. सामन उसळी मारून धबधबा चढतो. हिल्सा उडी मारीत नाही, तो थव्याने मोठ्या प्रवाहातून पोहत जातो.

तरीही त्याचे येणे सुरू होते. निर्णायक आघात झाला तो 1934 मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाने. वस्तुतः हे धरण या प्रदेशापासून पुष्कळ दूर, वरच्या अंगास आहे. मग येथील मासा का घटावा? धरणाने पूर साठवून घेतला आणि समुद्राकडे जाणारा गोड्या पाण्याचा लोट क्षीण झाला. नदीत शिरण्याचा संकेत हिल्साला याच लोटातून मिळतो. म्हणून केवळ भिंतीत वाट करून देणे पुरेसे ठरत नाही.

गंगेवर परिस्थिती वेगळी आहे. 1975 मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित होण्यापूर्वी हिल्सा अलाहाबादपर्यंत (आताचे प्रयागराज) जाई. बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने अलीकडच्या वर्षांत ‘नमामि गंगे’ अंतर्गत बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस हिल्सा सोडले, काहींना खुणाही केल्या. अमेरिकेत एल्व्हा नदीवरील दोन धरणे 2011 ते 2014 या काळात पाडण्यात आली व सामन परतू लागले. परंतु लक्षावधी शेतकऱ्यांचे भात ज्यावर पिकते ते मेट्टूर पाडावे, असे कोणीही सुचविणार नाही.

उरतो तो पाणी सोडण्याचा मार्ग. कावेरी जलविवाद न्यायाधिकरणाने 2007 च्या अंतिम निवाड्यात 740 अब्ज घनफुटांपैकी 10 अब्ज घनफूट पर्यावरण-संरक्षणासाठी राखून ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांचे वाटे बदलले, तरी ही तरतूद कायम राहिली. येथे विद्यार्थ्यांनी थोडे गणित करून पाहावे. हे पाणी वर्षभर समप्रमाणात सोडल्यास प्रवाह सेकंदाला सुमारे 317 घनफूट भरतो. तेच दहा दिवसांत सोडल्यास सुमारे 11,500 घनफूट. पहिल्याने नदीचे पात्र ओले राहील. समुद्रातील हिल्साला साद घालण्याची काही शक्यता दुसऱ्यातच आहे, आणि तीही ते पाणी पावसाळ्यात, खालच्या बंधाऱ्याची दारे उघडी असताना सोडले तरच.