मस्तक-ग्रीवा कर्करोग : संयुक्त चिकित्सेचा कालक्रम

मुख, ग्रसनी व स्वरयंत्र यांच्या अस्तरात उद्‌भवणाऱ्या कर्करोगांस एकत्रितपणे मस्तक-ग्रीवा कर्करोग म्हणतात. तंबाखू, मशेरी व गुटखा यांच्या सेवनामुळे महाराष्ट्रात मुखाचा कर्करोग विशेष आढळतो. त्यावर प्रथम शस्त्रक्रिया करतात. रोग प्रगत असल्यास नंतर प्रारण चिकित्सा (किरणोपचार) देतात व पुष्कळदा तिला रासायनी चिकित्सेची जोड देतात. ग्रसनी व स्वरयंत्र यांच्या प्रगत कर्करोगांत बहुधा शस्त्रक्रियेवाचून हीच संयुक्त चिकित्सा योजतात. ही जोड केव्हा द्यावी, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता.

औषध प्रारणापूर्वी दिल्यास अर्बुद आकसते. परंतु आयुर्मर्यादेत होणारा लाभ दोन्ही उपचार एकाच वेळी दिल्यास अधिक होतो. ९३ चाचण्यांतील १७,००० हून अधिक रुग्णांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात सहकालिक उपचारामुळे पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६·५ ने वाढल्याचे दिसले. सत्तरीपुढील रुग्णांत मात्र हा लाभ जवळजवळ आढळला नाही. सिसप्लॅटीन हे प्लॅटिनमयुक्त औषध पेशीतील डीएनए रेणूस चिकटते व प्रारणाने झालेली इजा पेशीस दुरुस्त करू देत नाही. म्हणूनच दोहोंची वेळ जुळणे महत्त्वाचे ठरते.

हे औषध दर तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत द्यावे की दर आठवड्यास थोडे थोडे, हा त्यापुढचा प्रश्न. मोठ्या मात्रेमुळे वांत्या होतात, मूत्रपिंडास इजा पोहोचते व श्रवणशक्ती कमी होते. त्यामुळे पुरेसा पुरावा नसतानाही भारतातील अनेक रुग्णालयांत साप्ताहिक पद्धत रूढ झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१३ ते २०१७ या काळात ३०० रुग्णांवर चाचणी करून या प्रथेची परीक्षा केली. यांपैकी बहुतेकांची शस्त्रक्रिया आधीच झाली होती. शरीरपृष्ठाच्या प्रत्येक चौ. मी. मागे आठवड्यास ३० मिग्रॅ. घेणाऱ्या गटात दोन वर्षांनंतर शेकडा ५८·५ रुग्णांत, तर तीन आठवड्यांनी १०० मिग्रॅ. घेणाऱ्या गटात शेकडा ७३·१ रुग्णांत रोग मूळ जागी व गळ्यात आटोक्यात राहिला. तीव्र दुष्परिणाम अनुक्रमे शेकडा ७१·६ व ८४·६ रुग्णांत झाले. आयुर्मर्यादेतील फरक मात्र निर्णायकपणे सिद्ध झाला नाही. यावरून साप्ताहिक पद्धतच टाकाऊ ठरत नाही. जपानमध्ये शस्त्रक्रियोत्तर रुग्णांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० मिग्रॅ. साप्ताहिक मात्रा मोठ्या मात्रेहून उणी ठरली नाही. मात्रा अपुरी असेल, तर ती वारंवार देऊन भागत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शस्त्रक्रियेवाचून उपचार करताना साधारणपणे ७० ग्रे प्रारण ३५ भागांत, म्हणजे सात आठवड्यांत देतात. त्यात खंड पडल्यास उरलेल्या कर्कपेशी झपाट्याने वाढतात. शिर्डीसारख्या गावाहून मुंबईस (सु. २४० किमी.) उपचारास जाणाऱ्या रुग्णास घर व रोजगार सोडून तितके दिवस राहावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या निवासांचा आधार त्यामुळे उपचाराचाच भाग ठरतो. तोंड सोलवटल्याने गिळता येईनासे झाले, तरी नाकातून नळीने अन्न देऊन उपचार चालू ठेवतात.

मूत्रपिंड वा श्रवणशक्ती दुर्बल असल्यास सिसप्लॅटीन देता येत नाही. अशांसाठी टाटा रुग्णालयातच ३५६ रुग्णांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रारणासोबत दर आठवड्यास डोसेटॅक्सेल दिल्याने दोन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४१·७ वरून ५०·८ झाले.