तक्ते बारा, तपशील एकच

इंदापूर तालुक्याचे नाव महसुलाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. परंतु त्या नोंदीचा सुताराच्या कारखान्याशी काही संबंध पोहोचत असेल अशी शंका सहसा कोणास येणार नाही. इंग्रजी अंमलाच्या आरंभी प्रिंगल नामक अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जी मोजणी व आकारणी केली, ती कागदावर अत्यंत शास्त्रीय दिसत होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याचा ठराविक हिस्सा सरकारजमा धरावयाचा, असा तिचा बेत होता. पण दर जड पडले, हाताखालच्या कामगारांनी नोंदी बिघडवल्या, आणि रयतेने जमिनी टाकून दिल्या. पुढे १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्या बंदोबस्ताचे काम हाती घेतले, आणि त्यातून जी पद्धत सिद्ध झाली ती पुढे सर्व मुंबई इलाख्याची शिरस्त्याची पद्धत होऊन बसली. गावांच्या एका गटासाठी दर एकदाच ठरवावयाचा. मग प्रत्येक शेतात जाऊन मातीची जात, तिची खोली आणि तिचे दोष पाहून त्या शेताची प्रत आण्यांत लावावयाची. आणि आकारणी मात्र प्रत्येक शेताची त्याच्या त्याच्या क्षेत्रावरून नव्याने काढावयाची, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. दराचा निर्णय एक, शेते हजारो, आणि एका शेताचा आकडा उचलून दुसऱ्या शेताच्या नावावर चढवावयाचा नाही, हे त्या पद्धतीचे मर्म.

आज त्याच मुलखात, म्हणजे बारामती आणि इंदापूरच्या पेठांत व औद्योगिक वसाहतींत, लाकूडकामासाठी जे सीएनसी राउटर चालतात, त्यांच्यासमोर बसणाऱ्या ऑपरेटरला नेमका हाच भेद रोज सांभाळावा लागतो. देवघराच्या जाळ्या, दरवाजांवरील नक्षी, दुकानांच्या पाट्या, भाद्रपदाच्या तोंडावर गणपतीची मखरे, अशी कामे ही यंत्रे करतात. यंत्र दिसावयास साधे असते: एक भलामोठा सपाट बेड, त्यावर पुढेमागे सरकणारी कमान, त्या कमानीवर डावीउजवीकडे जाणारा आणि वरखाली होणारा स्पिंडल, आणि त्या स्पिंडलच्या तोंडी बसवलेले धारदार टूल. बेडवर आठ फूट बाय चार फुटांचे, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरचे प्लायवुड आवळून बसवतात, आणि संगणकाने दिलेल्या हुकुमाबरहुकूम टूल त्यावर फिरत जाते. यंत्राला आकड्यांनी चालवण्याची ही कल्पना फार जुनी नव्हे. अमेरिकेतील जॉन पार्सन्स हा हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी लागणारे वक्र साचे अचूक कसे कापावेत या विवंचनेत होता; त्या विवंचनेतून जे प्रयत्न झाले त्यांची परिणती मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९५२ साली भोके पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे जे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले, त्यात झाली. फीत गेली, तिच्या जागी पेनड्राइव्ह आला. परंतु आकड्यांची यादी वाचीत वाचीत टूल पुढे न्यावयाचे, हे तत्त्व आजही तेच आहे.

टूलपाथ म्हणतात तो या यादीचाच पूर्वरंग. पाहणाऱ्यास तो पडद्यावरील एका रंगीत रेषेसारखा दिसतो, आणि म्हणूनच नवशिक्याचा पहिला गैरसमज असा होतो की टूलपाथ म्हणजे चित्र. वस्तुतः चित्रातील रेषा केवळ वस्तूची कड कोठे आहे एवढेच सांगते. ती कड कोणत्या टूलाने कापावयाची, आतून की बाहेरून, किती खोल, किती फेऱ्यांत, टूल मिनिटाला किती फेरे घेईल आणि किती वेगाने पुढे सरकेल, कापलेला तुकडा उडून जाऊ नये म्हणून त्याला चार ठिकाणी टॅब ठेवावयाचे की नाही, हे सर्व निर्णय माणसाला घ्यावे लागतात. हे निर्णय आणि ती रेषा यांचा गुणाकार होऊन जे अंक निघतात तो टूलपाथ. निर्णय हा दर, रेषा हे शेत, आणि अंक ही आकारणी, असे म्हटले तर इंदापुरास ते परके वाटू नये.

समजा, एखाद्या शाळेकडून बाकांचे काम आले, आणि अठरा मिलिमीटर प्लायवुडचे बारा तक्ते त्यास लागणार आहेत. बाकाच्या बाजू, बसण्याची फळी, पाठ, आडव्या पट्ट्या, दप्तराचा खण असे भाग संगणकात काढून झाले, की नेस्टिंगची सोय ते भाग बारा तक्त्यांवर असे काही रचून देते की वाया जाणारे लाकूड कमीत कमी व्हावे. या रचनेत पहिला तक्ता दुसऱ्यासारखा नसतो. कोठे दोन बाजू उभ्या येतात, कोठे एक आडवी, शेवटच्या तक्त्यावर तर उरलेसुरले पाच-सहा तुकडेच असतात. प्रत्येक तक्त्यावर तीन प्रकारचे काम आहे: स्क्रूसाठी पाच मिलिमीटरची भोके, फळी बसण्यासाठी नऊ मिलिमीटर खोल खाचा, आणि शेवटी तुकड्यांची बाह्य कापणी. बारा तक्ते गुणिले तीन, म्हणजे छत्तीस टूलपाथ झाले. ते प्रत्येकी हाताने भरावयाचे म्हटले, म्हणजे छत्तीस वेळा टूल निवडणे, छत्तीस वेळा खोली टाकणे, छत्तीस वेळा वेग टाकणे आले. आणि दुपारच्या जेवणानंतरच्या सुस्तीत एकोणिसाव्या वेळी नऊच्या जागी एकोणीस पडले, तर खाच आरपार जाऊन बेडसुद्धा खरवडला जातो.

येथे टेम्प्लेटचा उपयोग होतो. एका तक्त्यावर तिन्ही कामांचे टूलपाथ एकदा विचारपूर्वक करावयाचे, आणि ते टेम्प्लेट म्हणून दफ्तरी ठेवावयाचे. या दाखल्यात जागांचे अंक नसतात, निर्णय असतात: उदाहरणार्थ, बाह्य कापणीस सहा मिलिमीटरचे दोन धारांचे टूल, मिनिटाला १८,००० फेरे, पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला ४,५०० मिलिमीटर, आणि अठरा मिलिमीटरची कापणी सहा-सहाच्या तीन फेऱ्यांत. (या आकड्यांत प्रत्येक धार प्रत्येक फेऱ्यास मिलिमीटरचा आठवा भाग लाकूड काढते, वेग उगाच कमी केला तर टूल लाकूड कापण्याऐवजी घासते, तापते आणि काळा डाग पाडते, हे मिस्त्रीला नाकाने कळते.) मग हा दाखला बाराही तक्त्यांवर लावला, की संगणक प्रत्येक तक्त्यावरील रेषा पाहून अंक नव्याने काढतो. एका तक्त्यावर बाह्य कापणीची एकंदर लांबी ३६ मीटर भरली, तर तीन फेऱ्यांचे १०८ मीटर होतात आणि त्यास २४ मिनिटे लागतात. दुसऱ्यावर लांबी निराळी, म्हणून वेळही निराळा. परंतु निर्णय तोच.

परंतु संगणकास हे कसे समजावे, की ही रेषा खाचेची आणि ती कापणीची? माझ्या मते या सर्व प्रकरणातील खरी विद्या येथे आहे, आणि सॉफ्टवेअर विकणारे तिचे महत्त्व पुरेसे सांगत नाहीत. त्यासाठी चित्र काढतानाच प्रत्येक रेषा तिच्या तिच्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या नाव दिलेल्या स्वतंत्र थरावर, ठेवावी लागते: ‘भोक-५’, ‘खाच-९’, ‘कापणी-१८’ अशी नावे एकदा ठरवावयाची आणि मग कारखान्यात कोणीही, अगदी मालकानेही, त्यांत अक्षराचा फरक करावयाचा नाही. टेम्प्लेट रेषा ओळखीत नाही, तो लेयरचे नाव ओळखतो. ज्या नावाच्या लेयरवर जे काही असेल, त्यावर तो आपला निर्णय चालवतो. पूर्वीच्या कचेऱ्यांत फडणीस ज्या कसोशीने खातेनिहाय कागद लावून ठेवीत, ती कसोशी येथे ऑपरेटरच्या अंगी असावी लागते. ‘खाच-९’ ऐवजी कोणी ‘खाच ९’ असे लिहिले, तर टेम्प्लेटला त्या तक्त्यावर खाच सापडतच नाही, आणि पुष्कळदा तो तक्रारही करीत नाही. बाकीची कामे निमूटपणे पार पडतात, आणि जोडणीस बसलेल्या सुताराच्या हाती खाच नसलेली फळी येते. याच्या उलट, मोजमापासाठी काढलेली एखादी फालतू रेषा चुकून ‘कापणी-१८’ मध्ये राहिली, तर चांगल्या फळीचे दोन तुकडे होतात.

कामांचा क्रमही टेम्प्लेटमध्ये बांधला जातो, आणि तो क्रम मनमानी नसतो. प्रथम भोके, मग खाचा, आणि सर्वांत शेवटी बाह्य कापणी. कारण एकदा तुकडा तक्त्यापासून सुटला की तो केसभर का होईना हलतो, आणि हललेल्या तुकड्यात पाडलेले भोक दुसऱ्या फळीतील भोकाशी जुळत नाही.

बाराही तक्ते हुबेहूब सारखे असतील तर टेम्प्लेटचीही गरज नाही. एका तक्त्याचा टूलपाथ काढावा, त्याची फाइल यंत्रास द्यावी, आणि तीच फाइल बारा वेळा चालवावी. मात्र प्रत्येक तक्ता बेडवर त्याच कोपऱ्यास टेकला पाहिजे, यासाठी दोन बाजूंस पक्के आडकाठे ठोकून ठेवावेत. आणखी एक तिसरी रीत यंत्राच्या भाषेतच आहे: एकच आकृती एका तक्त्यावर अनेक जागी यावयाची असेल, तर ती आकृती उपप्रोग्राम म्हणून एकदा लिहून ठेवतात आणि निरनिराळ्या आरंभबिंदूंवरून तिला पुन्हा पुन्हा बोलावतात. साखर कारखान्यातील उसाचा रस आटवण्याच्या पात्रांत ज्या ट्यूब प्लेट असतात, त्यांत नळ्यांसाठी शेकडो, मोठ्या पात्रांत हजारो भोके एका ठराविक अंतराने पाडावी लागतात, आणि तेथे प्रत्येक भोकाचा हुकूम हाताने लिहावयाचा म्हणजे वेडेपणाच. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा सहकारी साखर कारखान्यांनी वेढलेल्या या मुलखात अशा पात्रांची महती निराळी सांगावयास नको. इंदापूर तालुक्यातच वालचंद हिराचंद यांनी वसवलेल्या वालचंदनगरात साखर कारखान्याची यंत्रसामग्री तर घडत आलीच, पण भारतीय अंतराळ संस्थेच्या अग्निबाणांच्या घन इंधनाच्या टप्प्यांची आवरणेही तेथील कारखान्यात तयार होतात. आणि कामाचे मोल जसजसे वाढते तसतसा एकदा तपासून सिद्ध झालेला प्रोग्राम जपून ठेवण्याचा व त्यास परवानगीवाचून हात न लावण्याचा कटाक्षही वाढत जातो.

प्रसंगवशात आठवण होते ती बारामतीच्या मोरोपंतांची. अष्टोत्तरशत रामायणे रचणारा म्हणून त्यांची ख्याती आहे. कथा तीच, पण दर वेळी बंध नवा, आणि ‘निरोष्ठरामायण’ तर ओठ जुळवावे लागणाऱ्या वर्णांवाचून रचलेले. टेम्प्लेटवाल्याचे काम याच्या नेमके उलट आहे: त्याची कथा प्रत्येक तक्त्यावर निराळी आणि बंध मात्र तोच. पंतांना हा धंदा नीरस वाटला असता, यात शंका नाही.

आता, काय पुन्हा वापरावयाचे नाही हेही सांगितले पाहिजे, कारण नुकसान बहुधा तेथेच होते. पहिली गोष्ट जाडी. बाजारात अठरा मिलिमीटर म्हणून विकला जाणारा प्लाय वर्निअरने मोजला तर पुष्कळदा थोडा कमी भरतो, आणि एकाच गाडीतून आलेल्या दोन तक्त्यांतही फरक निघतो. टूलची शून्य पातळी तक्त्याच्या वरच्या पृष्ठावर धरली आणि खोली टेम्प्लेटमध्ये अठरा म्हणून ठोकून दिली, तर पातळ तक्त्यावर टूल बेडमध्ये घुसते आणि जाड तक्त्यावर तळाशी पापुद्रा राहतो. म्हणून आरपार कापणी असेल तेथे शून्य बेडच्या पृष्ठावर धरण्याचा प्रघात शहाणा आहे. मग तक्ता कितीही जाड असो, टूल बेडशीच थांबते. मात्र खाचेची खोली वरून मोजावयाची असल्यामुळे त्या कामास जाडीचा खरा आकडा संगणकास सांगावाच लागतो. दुसरी गोष्ट टूलचा व्यास. सहा मिलिमीटरचे टूल धार लावून आले म्हणजे ५.८ होते, टूलपाथ मात्र रेषेपासून तीन मिलिमीटर अंतरावरूनच चालतो, परिणामी तुकडा ०.२ मिलिमीटर मोठा आणि एका फेरीत पाडलेली खाच तेवढीच अरुंद होते, आणि फळी खाचेत बसत नाही म्हणून सुतार हातोडी उचलतो. तिसरी गोष्ट मालाची जात. प्लायसाठी ठरवलेला वेग एमडीएफला कदाचित चालून जाईल, पण अॅक्रेलिकला तो लावला तर कापलेली कड वितळून पुन्हा चिकटू शकते. प्रत्येक मालास स्वतंत्र टेम्प्लेट असावा. एकाच टेम्प्लेटमध्ये सर्वांची सोय करण्याचा मोह प्रिंगलसाहेबाच्या बेतासारखा कागदावर चांगला दिसतो आणि कामात फसतो.

आणि सर्वांत घातक चूक ती, की तक्त्यावरील तुकड्यांची रचना बदलल्यानंतर टूलपाथ पुन्हा काढावयाचे राहून जाते. गिऱ्हाइकाचा फोन येतो, एक फळी वाढते, ऑपरेटर तुकडे सरकवतो आणि फाइल यंत्रास देतो. पण पडद्यावर तुकडे नव्या जागी असले तरी टूलपाथातील अंक जुन्याच जागेचे असतात, आणि यंत्र अत्यंत निष्ठेने जेथे पूर्वी तुकडा होता तेथे कापते. काही सॉफ्टवेअरे अशा वेळी इशारा देतात, काही देत नाहीत. इशाऱ्यावर विसंबण्यापेक्षा यंत्रास फाइल देण्यापूर्वी प्रत्येक तक्त्याचे सर्व टूलपाथ नव्याने काढून पडद्यावर एकदा चालवून पाहण्याचा शिरस्ता पाडणे बरे. त्यास दोन-चार मिनिटे जातात. प्लायचा एक तक्ता त्याहून कितीतरी महाग आहे.

बारामती-इंदापुरातील जे छोटे कारखानदार आता यंत्र घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी स्पिंडल किती किलोवॅटचा यापेक्षा आपल्या लेयरांची नावे काय असावीत याचा निकाल आधी लावावा. ती नावे व प्रत्येक टेम्प्लेटचे टूल, माल, जाडी आणि तारीख एका वहीत मराठीत लिहून ती वही यंत्राशेजारी ठेवावी. आणि नवा तक्ता बेडवर चढवताना त्याची मोजलेली जाडी पेन्सिलने त्याच्या कोपऱ्यावर लिहावी.