लंगडणारे मूल आणि खुब्याचा सांधा

रात्री हसतखेळत निजलेले पोर सकाळी उठते ते लंगडतच. मार्कंड्याच्या जत्रेत चालून पाय भरला, असे म्हणून घरची मंडळी मालिश सुरू करतात. परंतु पुष्कळदा दोष पायात नसून खुब्याच्या सांध्यात असतो. सांध्याचे आतले अस्तर काही दिवसांपुरते सुजते व तेथे पाणी साचते. हा विकार बहुधा ३ ते १० वर्षांच्या वयात होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे दुप्पट. कित्येकदा त्याआधी सर्दी-पडसे होऊन गेलेले असते. खुबा व गुडघा यांच्या वेदना वाहणारे मज्जातंतू सामाईक असल्याने मूल पुष्कळदा गुडघाच दाखवते. म्हणून गुडघा दुखला तरी खुबाही तपासला पाहिजे.

यावर मुख्य उपचार विश्रांतीचा. धावणे, उड्या बंद. वेदनेसाठी डॉक्टरांनी वजनानुसार ठरविलेले पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. ॲस्पिरिन देऊ नये, पाय ओढू-चोळू नये. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेक मुले पूर्ववत होतात; थोड्यांना तो पुन्हा होतो.

आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, याच रूपाने दुसरे घातक विकारही येतात. सांध्यात पू झाला तर अंगात सडकून ताप असतो, मूल पाय टेकीत नाही, हलविताच किंचाळते. थोड्याच दिवसांत सांध्याची कूर्चा कायमची नासते. म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, पाय न टेकणे, रक्तातील पांढऱ्या पेशींची व इ.एस.आर.ची वाढ ही चार लक्षणे बोस्टनच्या डॉ. कोकर व सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडली. ती जितकी अधिक, तितका पुवाचा संशय दाट. लंगडणे आठवडेच्या आठवडे टिकले तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणारा पर्थेसचा विकार शोधावा लागतो.

चामोर्शीकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखात सिकलसेल पुष्कळ आढळतो. त्यातही हाडे दुखतात, खुब्याचे हाड रक्तावाचून मरते, जंतुसंसर्गही लवकर होतो. तेव्हा लंगडणाऱ्या मुलाची सिकलसेल तपासणी झाली नसेल, तर डॉक्टरांस तसे आवर्जून सांगावे.

सारांश, विश्रांती हे औषध खरे. पण आधी तपासणी, मग विश्रांती, हा क्रम उलटू नये.