घरात कोण कुठपर्यंत? जॉर्जियन घर आणि आपला वाडा

आज नायगावात बसून आपण इंग्लंडमधल्या घरांबद्दल बोलणार आहोत. कशासाठी, ते शेवटी कळेल.

१७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले. त्या काळातली बांधणी ती जॉर्जियन. काळ आपल्याला परका नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तिकडे दुसरा जॉर्ज होता. दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात विश्रामबागवाडा बांधला, तेव्हा तिसरा.

शहरातलं जॉर्जियन घर अरुंद आणि उंच. जमीन महाग, म्हणून भिंतीला भिंत लावून घरांची रांग. बाथ शहरातलं रॉयल क्रेसेंट बघा. धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात चंद्रकोरीच्या आकारात ३० घरं उभी केली. समोरून सगळी एकसारखी, जणू एकच राजवाडा. मागच्या बाजूला गेलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कारण दर्शनी भिंतीमागचं घर ज्याने त्याने आपापल्या सोयीनं बांधलं.

आता खिडक्या वाचायला शिकू. तळघरात स्वयंपाकघर. तळमजल्यावर बहुधा जेवणाची खोली. त्याच्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, म्हणून तिथल्या खिडक्या सर्वांत उंच. आणखी वर जावं तशा त्या लहान होत जातात, आणि छपराखाली नोकर झोपतात. म्हणजे रस्त्यावरचा माणूस नुसत्या खिडक्या पाहून सांगू शकतो, मालक कुठे आणि मोलकरीण कुठे.

वाड्यात हीच उतरंड आडवी होते. विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे खांब, केळफुलांची नक्षी, हे सगळं रस्त्यावरून कोणालाही दिसतं. पण आत जाणं वेगळं. वाड्याची रीत अशी की पहिल्या चौकात कारभार आणि बाहेरची माणसं, आतल्या चौकात घरची मंडळी, माजघर, स्वयंपाक. जात, नातं, बाई की पुरुष, सगळं उंबरठ्यांवर मोजलं जाई.

दोन्ही घरं सुंदर आहेत, यात वाद नाही. पण दिवाणखान्यातल्या शेकोटीसाठी कोळशाची बादली रोज जिने चढून नेणारी एक मुलगी होती. तिच्यामुळे ते सौंदर्य खोटं ठरत नाही. मात्र तिला वगळून केलेलं त्याचं वर्णन अपुरं राहतं.

आता नायगाव. वसईच्या गावांतल्या जुन्या कौलारू घरांना ओटा असायचा. येणाऱ्यानं टेकावं, पाणी प्यावं, दोन शब्द बोलावेत. ओट्यावरही भेद होतेच, पण बोलणं तरी समोरासमोर व्हायचं. आता टॉवर आले. सगळ्यांचे फ्लॅट सारखे, म्हणून उतरंड संपली असं आपल्याला वाटतं. पण कितीतरी सोसायट्यांत कामवाल्या बायकांची लिफ्ट वेगळी असते.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, समतेवर तासच्या तास बोललो, आणि आमच्याच इमारतीतला हा नियम निमूट पाळत आलो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच असेल. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारू या, हा नियम कोणी केला आणि कशासाठी?